महापालिकेचा निर्णय नेमका कुठे होतो? (मैदानं, आग, पूररेषा आणि बाकी सगळं)

आडवा बोळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं आणि इतक्या वर्षांनी सभागृहात पुन्हा माणसं दिसायला लागली. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, काही शहरांची तर २०२० मध्ये. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यावी असं घटनेचं कलम २४३-यू सांगतं. ती का झाली नाही यावर इथे पुरेशी हाणामारी होऊन गेलीये, तो विषय कृपया या धाग्यावर नको.

सध्या सल्ल्यांचा पाऊस पडतोय. सभेला जा, प्रेक्षक गॅलरीत बसा, नगरसेवकाला जाब विचारा. विचारा, जरूर विचारा. पण गेली काही वर्षं आमच्या भागातल्या एका मैदानाच्या फायलीमागे फिरून माझं मत असं झालंय की सभागृहात हात वर होतात तोवर निर्णय कधीच होऊन गेलेला असतो. तो ज्या टेबलावर होतो तिथे आपण नसतो. आणि त्या टेबलाला कुलूपही नसतं, आपल्याला फक्त पत्ता माहीत नसतो.

मैदानाचंच सांगतो. विकास आराखड्यात एखाद्या खाजगी जमिनीवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडतं. नकाशावर हिरवा ठिपका दिसतो, आपण खूश. पण जमीन अजून मालकाचीच असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि पालिकेने जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो: घ्या, नाहीतर सोडा. त्यात गैर काही नाही, कोणाची जमीन जन्मभर अडकवून ठेवायची? त्या सूचनेवर पालिकेत आवक शिक्का पडला की २४ महिन्यांचं घड्याळ सुरू. तेवढ्यात जमीन घेतली नाही किंवा संपादनाचं ठोस पाऊल उचललं नाही, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. तिथे इमारत उभी राहायला लागली की मग आपण मेणबत्त्या घेऊन जातो.

त्या २४ महिन्यांत फाइल कुठे असते? नगर नियोजन विभागातून भूसंपादनाकडे, मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे, पैसे आहेत का म्हणून लेखा विभागाकडे, मग मान्यतेसाठी समितीपुढे. समितीत ‘विषय एक महिना पुढे’. परत एक महिना पुढे. विरोध कोणीच करत नाही! इतिवृत्तात मैदानाच्या विरोधात एक अक्षर सापडणार नाही तुम्हाला. पुढे ढकलणं हाही निर्णयच असतो, फक्त त्यावर कोणाचं नाव लागत नाही.

आणि अंदाजपत्रकात भूसंपादनाच्या लेखाशीर्षाखाली पैसेच नसतील, तर बाकी सगळा पत्रव्यवहार नुसता टाइमपास. मैदान राहणार की जाणार हे खरं तर तिथे ठरतं, फेब्रुवारी-मार्चात, अशा एका तक्त्यात जो आपल्यापैकी कोणी उघडून बघत नाही.

स्थायी समिती म्हणजे सोळा माणसं (मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा, तिथे संख्या जास्त). मोठी टेंडरं तिथून जातात. कार्यपत्रिका आधी निघते, पण खरी गंमत ‘ऐनवेळच्या विषयां’त (कार्यपत्रिकेत नसलेले, सभेतच मांडलेले) असते. मुदत संपल्यावर नगरसेवकांऐवजी प्रशासक कारभार बघत होते, त्या काळात तर गंमतच संपली होती. प्रशासनाने प्रस्ताव मांडायचा, प्रशासकाने स्थायी समिती म्हणून मंजूर करायचा, आणि त्यांनीच सर्वसाधारण सभा म्हणून शिक्का मारायचा. निदान आता कोणीतरी ‘उपसूचना (प्रस्तावात बदल) आहे’ म्हणून उभा तरी राहील.

तर अनुभव लिहा. तुमच्या शहरात कुठल्या टेबलावर, कधी, कोणत्या कागदाने काय थांबलं किंवा हललं? राजकीय पक्षांची नावं टाळलीत तर धागा जास्त जगेल.

---

पिंपळपार

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

एक भर. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा प्रभाग. म्हणजे माझे नगरसेवक चार. ड्रेनेज तुंबलं तर पहिला म्हणतो तो भाग तिसरे बघतात, तिसरे म्हणतात ते काम दुसऱ्यांच्या निधीतून झालंय, चौथ्या ताईंचा फोन त्यांचे यजमान उचलतात. दाराशी बोर्ड चौघांचे, कामावर फोटो चौघांचे. जबाबदारीच्या वेळी मात्र प्रभाग अचानक एवढा मोठा होतो की आमची गल्ली कोणाच्याच हद्दीत येत नाही.

---

तळटीप

धागाकर्त्यांनी कलम १२७ बरोबर मांडलंय. पूर्वी ही मुदत १२ महिने होती, २०१५ च्या दुरुस्तीने २४ झाली. ‘पाऊल’ म्हणजे काय यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा गिरनार ट्रेडर्सचा निकाल महत्त्वाचा आहे. पालिकेने ‘जमीन घ्यावी’ असा ठराव केला आणि राज्य सरकारला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र धाडलं, एवढ्याने पाऊल होत नाही. संपादनाची प्रत्यक्ष कायदेशीर प्रक्रिया सुरू व्हावी लागते. अनेक नगरसेवक शेवटच्या महिन्यात घाईघाईने ठराव करून ‘आम्ही मैदान वाचवलं’ म्हणून पेढे वाटतात, ते कोर्टात टिकत नाही.

माहिती अधिकारात मागायचंच असेल तर ‘मैदानाचं काय झालं’ असं विचारू नका. कलम १२७ खाली आलेल्या खरेदी सूचनांची यादी मागा: आवक तारीख, आरक्षण क्रमांक, सर्व्हे नंबर, आणि आजपर्यंत केलेली कार्यवाही. चार रकाने. तारखेत २४ महिने मिळवले की कुठली जागा कधी जाणार ते तुम्हालाच कळेल.

---

रिकामटेकडा

हे सगळं वाचायला छान आहे हो. वास्तव ऐका. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या. लोक रांगा लावून फॉर्म देत होते. सुनावण्या झाल्या, समिती बसली, सभागृहात घोळ झाला, आणि मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडाच स्वतःच्या ताब्यात घेतला. मंजुरी जानेवारी २०१७ ला. सांगा आता, निर्णय कुठे झाला? मंत्रालयात. तुमचा तो पत्ता वगैरे ठीक आहे, दार उघडणारा वेगळाच असतो.

शिवाय महापालिकेने केलेला कुठलाही ठराव सरकार महापालिका कायद्याच्या कलम ४५१ खाली निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं. म्हणजे स्वराज्य संस्था, पण राज्य कोणाचं ते विचारू नका.

---

आडवा बोळ

@रिकामटेकडा, कलम ४५१ चं मान्यच आहे. पण त्याच सुमाराची मुंबईची गोष्ट उलटी आहे. २०१४-३४ चा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यात इतक्या चुका निघाल्या (उभ्या इमारतींवरून रस्ते, वारसा वास्तूंच्या नोंदीच नाहीत) की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं. सुधारित मसुदा २०१६ मध्ये, मंजुरी २०१८ मध्ये. त्या चुका काही मंत्रालयाने शोधल्या नव्हत्या. आपापल्या विभागाचा नकाशा घेऊन प्रत्यक्ष रस्त्यावर फिरलेल्या लोकांनी शोधल्या.

दार मंत्रालयाने उघडलं, हे खरं. पण आत न्यायला कागद लोकांकडचा होता.

---

रिकामटेकडा

मुंबईत माध्यमं आहेत, निवृत्त सनदी अधिकारी आहेत, वास्तुविशारदांच्या संघटना आहेत. परभणीला कोण फिरणार नकाशा घेऊन?

---

खडी आणि डांबर

मी एका ‘ड’ वर्ग (म्हणजे लहान) महापालिकेत बरीच वर्षं नोकरी करून निवृत्त झालोय, नाव सांगणार नाही. आमची बाजूही ऐका.

तुम्ही म्हणता पेव्हर ब्लॉक दर दोन वर्षांनी का उखडतात. कारण अंदाजपत्रकाच्या रचनेत पेव्हर ब्लॉक बसतात आणि पावसाळी गटार बसत नाही. नगरसेवकाच्या वाट्याला प्रभागाचा थोडका निधी येतो. त्या रकमेत एका वर्षात पूर्ण होणारं, उद्घाटन करता येणारं आणि जमिनीच्या वर दिसणारं काम म्हणजे ब्लॉक, बाक, कमान. पावसाळी गटार करायचं तर वरपासून नाल्यापर्यंत उतार जुळवावा लागतो, तीन प्रभागांतून जावं लागतं, खाली केबल निघतात, वाहतूक पोलिसांची परवानगी, आणि दोन-तीन वर्षं सलग पैसे. ते विभागाच्या यादीत असतं आणि विभागाच्या यादीला सभागृहात वाली नसतो.

मग येतो जानेवारी-फेब्रुवारी. मोठ्या कामांचे पैसे खर्च झालेले नाहीत, आर्थिक वर्ष संपतंय, आणि सुरू होतं वर्गीकरण. म्हणजे या शीर्षातला निधी त्या शीर्षात. गटाराचे पैसे सुशोभीकरणाला गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत, पूर्णपणे नियमात बसवून. नागरिकांना खरंच काही वाचायचं असेल तर अंदाजपत्रकाच्या भाषणापेक्षा वर्गीकरणाचे प्रस्ताव वाचा. शहराला खरं काय हवंय असं पालिकेला वाटतं, ते तिथे उघडं पडतं.

दुसरं, महापालिका कायद्याचं कलम ६७(३)(क). तातडीच्या कामासाठी आयुक्तांना नेहमीची टेंडर प्रक्रिया बाजूला ठेवता येते. पूर आला, भिंत पडली, तर हे कलम हवंच, त्याशिवाय माणसं मरतील. पण नालेसफाई दर मे महिन्यात येते हे माहीत असूनही ती एप्रिलअखेर ‘तातडीची’ कशी होते, ते मी नोकरीत असताना विचारू शकलो नाही. तुम्ही विचारा.

---

तिसरा मजला

@खडी आणि डांबर काका, तुमचा प्रतिसाद वाचून निम्म्या शंका फिटल्या. एक वेगळाच प्रश्न विचारते, अवांतर वाटला तर सांगा. आमच्या सोसायटीची इमारत बारा मजली आहे. बिल्डरने ताबा देताना फायरची अंतिम एनओसी दिली होती. आता कमिटीत मी नवीन आहे आणि महापालिकेकडून नोटीस आलीये. कमिटीतले जुने लोक म्हणतात की एनओसी आहे, ही नोटीस म्हणजे पैसे काढायचे धंदे.

---

राखेतला

@तिसरा मजला, अवांतर अजिबात नाही. सुरक्षेचा निर्णय जिथे खरोखर होतो ते टेबल तुमच्याच सोसायटीच्या पंप रूममध्ये आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ (लागू झाला डिसेंबर २००८ मध्ये). त्यानुसार यंत्रणा बसवणं आणि ती चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, अग्निशमन दलाची नाही. परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, ‘फॉर्म बी’ (यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) दाखल करावा लागतो. अंतिम एनओसी हा त्या दिवशी यंत्रणा चालू होती याचा पुरावा. दहा वर्षांनंतर तिचा उपयोग फ्रेम करून लावण्यापुरता.

आता पंप रूममध्ये जाऊन एवढंच बघा. पॅनेलवर निवडीचा खटका असतो, ऑटो आणि मॅन्युअल. दहापैकी आठ ठिकाणी तो मॅन्युअलवर सापडेल. कारण पाइपलाइनमध्ये कुठेतरी बारीक गळती असते, दाब कमी होतो, छोटा जॉकी पंप रात्री-अपरात्री सुरू होतो, तळमजल्यावाले तक्रार करतात, वीजबिल वाढतं. मग इलेक्ट्रिशियन खटका फिरवून जातो आणि सगळे शांत झोपतात. आग लागल्यावर नवव्या मजल्यावर नळी उघडली की नुसती हवा येते. गळती काढा आणि खटका ऑटोवर ठेवा. पितळी नोझल जागेवर आहेत का ते मोजा, ती चोरीला जातात. जिन्यातल्या सायकली आणि चपलांचे रॅक हलवा. त्यावरून भांडणं होतील, होऊ देत.

२९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. त्यानंतर शहरभर तपासण्या झाल्या, गच्चीवरची बांधकामं पाडली, निलंबनं झाली. प्रत्येक मोठ्या आगीनंतर महिनाभर हेच चालतं. नोटीस आली आहे म्हणजे तुमच्याकडचं कोणीतरी काम करतंय, त्यांना शिव्या नका घालू.

---

तिसरा मजला

बापरे. आत्ताच जाऊन बघून आले. मॅन्युअल.

---

पिंपळपार

:-( आमचाही.

---

हद्दीबाहेरचा

शहरवाढीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी पुण्याच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांपैकी एका गावात राहतो. २०१७ मध्ये ११ गावं घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. महापालिका क्षेत्रफळाने मुंबईपेक्षा मोठी झाली म्हणून कौतुक झालं. पण त्या २३ गावांचं नियोजन प्राधिकरण पीएमआरडीएच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) राहिलं. म्हणजे मिळकतकराचं बिल एकाचं, बांधकाम परवानगी दुसऱ्याची, आणि पाणी टँकरवाल्याचं. तक्रार कुठे करायची ते ठरवण्यातच आमचा पहिला अर्ज संपतो.

ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसेवकाला चावडीवर गाठता यायचं. तेव्हा सगळं छान होतं असं म्हणत नाही. सहा मीटरच्या रस्त्यावर सात मजल्यांना ग्रामपंचायतीचे ‘परवाने’ तेव्हाचेच आहेत, आणि ते बांधणारे आज पाणी नाही म्हणून आमच्याबरोबर मोर्चात असतात!

गाव हद्दीत घेण्याचा निर्णय एका अधिसूचनेने होतो. पाण्याची टाकी मात्र जागा, संपादन, पंपिंग, वाहिनी असं करत कित्येक वर्षांनी येते. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जाहीर झाल्या पाहिजेत असं माझं साधं म्हणणं आहे. नसेल टाकी, तर नका घेऊ.

---

खडी आणि डांबर

@हद्दीबाहेरचा, घेतलं नाही तर बांधकामं थांबतात असं नाही ना. उलट जास्त होतात. हद्दीत घेतल्यावर निदान रस्त्याची रुंदी कागदावर येते.

पूररेषेचंही असंच. जलसंपदा विभाग निळी आणि लाल रेषा आखून देतो. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकाम नको, दोन रेषांमध्ये अटींवर. नदीला रेषा मिळते. पण शहरात माणसं बुडतात ती पुष्कळदा नदीत नाही, ओढ्यात. २५ सप्टेंबर २०१९ ला पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने जे केलं ते आठवा. ओढा नकाशावर बारीक निळी रेघ असतो, लेआउट मंजूर करताना तो ‘सरळ’ करतात, मग ‘बंदिस्त’ करतात, मग त्यावर पार्किंग येतं. प्रत्येक पायरीला वेगळी मंजुरी, वेगळा अधिकारी, आणि प्रत्येकाच्या कागदावर उरलेला ओढा शिल्लकच असतो.

---

रिकामटेकडा

हा प्रतिसाद मात्र आवडला. नोकरीत असताना असं लिहिलं असतंत तर?

---

खडी आणि डांबर

तर बदली झाली असती. दोनदा झालीच.

---

कंदीलवाली

रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल. आमच्या महिला मंडळाने संध्याकाळी फिरून आमच्या भागातल्या अंधाऱ्या जागांची यादी केली. आश्चर्य म्हणजे बहुतेक ठिकाणी दिवा बंद नव्हताच. चालू होता, पण खांब उंच आणि दिवा झाडाच्या फांद्यांच्या वर. पानं लख्ख उजळलेली, खाली पायवाटेवर मिट्ट काळोख. विद्युत विभाग म्हणतो दिवा चालू आहे, तक्रार बंद. उद्यान विभाग म्हणतो झाड निरोगी आहे, झाडांचा कायदा आहे (आहेच, १९७५ चा, फांद्या छाटायलाही परवानगी लागते), आम्ही उगाच कशाला कापू? दोघंही बरोबर. आणि तिथून मुलींना क्लासहून यायचं असतं.

शेवटी आम्ही खांबाचा क्रमांक, त्याच्या शेजारच्या झाडाची जात आणि रात्री साडेआठचा फोटो असा तक्ता करून क्षेत्रीय कार्यालयात दोन्ही विभागांना एकाच पत्रावर दिला. एका पत्रावर दोघांच्या आवक सह्या घेतल्या, ही युक्ती क्षेत्रीय कार्यालयातल्या एका लिपिक बाईंची. काही ठिकाणी छाटणी झाली, काही ठिकाणी खांबाला खाली दुसरा छोटा दिवा लावला. तो छोटा दिवाच जास्त चांगला निघाला.

खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो लिहिल्याशिवाय तक्रार करू नका. ‘चौकातला दिवा’ म्हटलं की माणूस येतो, चालू असलेला दिवा बघतो आणि जातो.

---

कोपऱ्यावरचा

फूटपाथ मोकळे करा आधी. फेरीवाल्यांचं अतिक्रमण म्हणजे मतांचं राजकारण, बाकी काही नाही.

---

तळटीप

@कोपऱ्यावरचा, पथविक्रेता कायदा २०१४ पासून आहे. प्रत्येक शहरात शहर फेरीवाला समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधून निवडून आलेले हवेत, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण हवं, आणि त्यानुसार विक्री क्षेत्रं ठरवायची. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत असलेल्यांना हटवता येत नाही. म्हणजे समिती धड न बसवणं आणि सर्वेक्षण अर्धवट ठेवणं यातून दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. तुम्हाला फूटपाथ मिळत नाही, त्यांना प्रमाणपत्र मिळत नाही. मधल्यामध्ये रोजची वसुली करणाऱ्यांचं चालतं. तुमचा राग बरोबर आहे, पत्ता चुकलाय.

---

कोपऱ्यावरचा

कायद्याचं मला माहीत नव्हतं. तरी चालायला जागा हवीच.

---

पिंपळपार

होर्डिंगचं राहिलं. १३ मे २०२४, मुंबईत घाटकोपरला होर्डिंग कोसळलं, १७ मृत्यू. फलक १२० बाय १२० फुटांचा, पालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४०. पालिका म्हणाली जागा लोहमार्ग पोलिसांची, परवानगी आम्ही दिली नव्हती. एवढा मोठा लोखंडी सांगाडा हमरस्त्याला लागून उभा राहतो आणि तो कोणाच्या अखत्यारीत आहे हे पडल्यानंतर शोधावं लागतं. ‘ठोस निर्णय’ वगैरे शब्द ऐकले की मला तो आकडाच आठवतो.

---

आडवा बोळ

छान चाललाय धागा. @रिकामटेकडा, परभणीचा तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मोठ्या शहरात निदान कार्यपत्रिका संकेतस्थळावर येते. तीन लाखांच्या वर लोकसंख्या असेल तर प्रभाग समित्या घटनेनेच (२४३-एस) बंधनकारक आहेत. त्याखालच्या क्षेत्रसभाही (छोट्या भागातल्या मतदारांच्या सभा) आपल्या कायद्यात आल्या, पण कोणी भरवलेली मी पाहिलेली नाही. कोणी पाहिली असेल तर जरूर लिहा. छोट्या शहरात उलट एक सोय असते, नगररचनाकाराचं टेबल शोधावं लागत नाही, सगळ्यांना माहीत असतं. कराड शेजारच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, तेव्हा ती नगरपंचायत होती. तिथे ना मोठी माध्यमं होती ना वास्तुविशारदांच्या संघटना.

आणि खड्ड्यांसाठी एक ताजी गोष्ट: ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलंय. ती कोणाच्या खिशातून वसूल होते यावर पुढचं अवलंबून. महापालिकेच्या तिजोरीतूनच गेली तर आपलेच पैसे आपल्याला.

---

रिकामटेकडा

मलकापूर मान्य. एक गुण तुम्हाला.

---

वेशीवरची

नमस्कार, वाचनमात्र होते, हा पहिलाच प्रतिसाद. आमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा नुकताच प्रसिद्ध झालाय. हरकतींची मुदत तीस दिवस, त्यातले निम्मे गेले. आमच्या शाळेमागच्या मोकळ्या जागेवर जुन्या आराखड्यात मैदान होतं, नव्यात अर्धं मैदान आणि अर्धं रहिवासी दाखवलंय. हरकत कशी लिहायची? नगरसेवकांनी छापील फॉर्म वाटलेत, सही करून द्या म्हणतात.

---

तळटीप

छापील फॉर्म द्या, पण त्यावर अवलंबून राहू नका. एकाच मजकुराच्या हजार हरकतींवर सुनावणीत एकच ओळ लिहिली जाते.

स्वतःचा अर्ज वेगळा करा. सर्व्हे किंवा गट नंबर, नकाशाचा शीट क्रमांक, आरक्षण क्रमांक. एका अर्जात एकच मुद्दा. ‘हिरवाई’, ‘भावी पिढी’ नको. जुन्या आराखड्यात किती क्षेत्र होतं, नव्यात किती, त्या सेक्टरची लोकसंख्या अहवालात किती धरली आहे आणि अहवालातल्याच निकषाप्रमाणे तिथे किती मैदान लागतं, एवढंच लिहा. आकडे त्यांच्याच अहवालातले घ्या म्हणजे नाकारता येत नाहीत. शेवटी ‘मला नियोजन समितीपुढे समक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य घाला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. सुनावणीत बोलताना तज्ज्ञांकडे बघून बोला, ते नोंदी घेतात.

---

खडी आणि डांबर

आणि नकाशाची रंगीत प्रत विकत घ्या, भिंतीवरच्या फोटोवर विसंबू नका. मोबाइलच्या फोटोत फिका पिवळा आणि फिका हिरवा सारखेच दिसतात.

---

वेशीवरची

खूप आभार सगळ्यांचे. सोमवारी नेऊन देते. प्रत आजच आणली. त्यात एक विचित्र दिसतंय, मैदानाचा आरक्षण क्रमांक नकाशात एक आहे आणि अहवालाच्या तक्त्यात त्याच क्रमांकापुढे ‘वाहनतळ’ लिहिलंय. हेही लिहू का?

---

तळटीप

तेच सगळ्यात आधी लिहा. वेगळ्या अर्जात.